ताईसाठी हलकं पिस्तूल

६ जुलै, रविवार

ही वही माझ्या मुलीची, जाईची. पहिली अकरा पानं तिच्या गणितांनी भरली आहेत, उरलेली तिने टाकून दिली म्हणून मी उचलली. आमच्या सिंगापुरातल्या, क्लेमेंटीच्या फ्लॅटमध्ये मराठी वाचणारी दोनच माणसं, मी आणि माझी बायको सुचित्रा, आणि सुचित्रा दुसऱ्याच्या वहीला हात लावत नाही. तेव्हा इथे खरं लिहायला हरकत नाही.

सकाळी ताईचा मेसेज आला. 'लायसन्स मंजूर झालं. पिस्तूल कोणतं घेऊ?' मी दोन मिनिटांत फोन लावला.

"माझ्या पर्समध्ये मावेल, काळ्या कोटाखाली दिसणार नाही आणि रोज बाळगून खांदा भरून येणार नाही, असं बघ काहीतरी," ती म्हणाली. "इंजिनिअर तू आहेस."

मिक्सर मागवावा तसा तिचा आवाज होता. उठून दार लावून घेतलं ते मीच.

अंजलीताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आमच्या जिल्ह्याच्या कोर्टात वकील. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आमच्या गावात गणपतकाकांना गायरानाच्या तुकड्यावरून मारलं. सरपंचाचा पुतण्या आणि आणखी तिघं. काका शुद्धीवर आलेच नाहीत, नवव्या दिवशी दवाखान्यातच वारले. आता केस उभी राहिली आहे आणि सरकारी वकिलांच्या मदतीला, काकांच्या बायकोच्या, राणीकाकूंच्या बाजूने, ताई आहे. चौघे जामिनावर गावात फिरतात. मे महिन्यात ताईच्या स्कूटीच्या सीटवर कुणीतरी ब्लेडने उभ्या रेघा मारल्या, सारख्या अंतरावर, अगदी सावकाश. ते ऐकल्यापासून मीच मेसेज करून तिच्या मागे लागलो होतो, अर्ज कर, अर्ज कर. आता लायसन्स आलंय तर मला बरं वाटायला हवं होतं.

९ जुलै, बुधवार

सिंगापुरात बंदूक बाळगली तर तुरुंग आणि फटके, झाडली तर फाशी. मला झाडायची नाही, बाळगायची नाही, नुसती निवडायची आहे, तीही दुसऱ्या देशातल्या बहिणीसाठी. तरी मी बाथरूममध्ये पंखा लावून, आवाज बंद करून व्हिडिओ पाहतो. एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, नऊ वर्षं राहिलेला माणूस आहे मी, रस्ता ओलांडतानासुद्धा सिग्नलवरच्या हिरव्या माणसाची वाट बघतो.

व्हिडिओतला अमेरिकन शर्ट वर करून दाखवतो, कमरेला काही दिसतं का बघा. दिसत नाही. हलकं घ्या, म्हणतो, जड असेल तर चार दिवसांनी घरी ठेवून जाल आणि नेमकं त्याच दिवशी लागेल. मग दुसरा येतो आणि सांगतो, फार हलकं घेऊ नका, हाताला झटका बसतो आणि नेम चुकतो. म्हणजे बाळगायला सोपं ते झाडायला अवघड. मी एक्सेलमध्ये तक्ता केला आहे: वजन, जाडी, लांबी, पर्सच्या अस्तरात अडकेल असा भाग आहे का. नावं लिहायची हिंमत झाली नाही म्हणून भाज्यांची नावं दिली. पाचशे ग्रामचं कारलं, सहाशेची भेंडी, सातशे ऐंशीचं वांगं. कुणी लॅपटॉप उघडलाच तर बाजाराची यादी वाटेल, फक्त कारल्याची जाडी मिलिमीटरमध्ये का, एवढंच विचारेल.

१२ जुलै, शनिवार

ताईशी अर्धा तास बोललो. मधले दोन महिने मला तिचे फोन उचलता आले नव्हते, मीटिंग असायच्या. आता हा विषय निघाल्यापासून बोलणं होतं, हे एक चांगलं झालं.

"भेंडी म्हणजे कोणतं रे?" ती विचारते.

"सहाशे ग्रामचं. मी पाठवलेला तक्ता बघितलास का?"

"बघते ना. तू जेवलास का?"

तिचं लक्ष नसतं. साडी घेताना दुकानदाराला घाम फोडणारी बाई, इथे जिवाचा प्रश्न आहे तर 'तू म्हणशील ते' म्हणते. काडतुसांचं विचारत नाही, मिळणार कुठे विचारत नाही. मी सगळं पुन्हा सांगितलं. शेवटी म्हणाली, "तीन सप्टेंबरचं लक्षात आहे ना?"

तीन सप्टेंबरला साक्ष आहे. काकांना मारताना पाहणारा साक्षीदार एकच आणि तो मी. त्या आठवड्यात मी सुट्टीवर गावी होतो. पोलिसांना जबाब दिला आणि ठरल्या विमानाने परत आलो. समन्स मेमध्ये आईच्या पत्त्यावर गेलं.

मी म्हणालो, "ताई, सप्टेंबरमध्ये आमचं ऑडिट असतं. बघतो. पण तू आधी वांगं की कारलं ते ठरव."

ती म्हणाली, "बरं, वांग्याचं सांग."

१९ जुलै, शनिवार

मोजल्याशिवाय माल पास करायचा नाही, ही माझी नोकरीतली सवय. तुआसला आमच्या कारखान्यात जहाजांचे व्हॉल्व्ह बनतात आणि त्यांची तपासणी माझ्याकडे. काल भंगारात पोलादाचा एक तुकडा सापडला. कारल्याच्या मापाने कापून घेतला, कडा घासल्या, वजन पाचशे दोन ग्राम. नळी नाही, घोडा नाही, नुसता चपटा ठोकळा. तो आठवडाभर कमरेला लावून फिरायचं आणि ताईला सांगायचं, कुठे टोचतं, कुठे दिसतं. दुसऱ्याच्या अंगावर टाकण्याआधी आपण घालून बघावं.

कापताना मॅनेजर आले. पद्माकर सर, पुण्याचे, मोकळा माणूस. "काय रे नरेश, हे काय चाललंय?"

"पेपरवेट, सर."

"अरे, कागद कुणाकडे राहिलेत आता?" म्हणाले आणि गेले. मी तुकडा पुन्हा मशिनला लावला.

२३ जुलै, बुधवार

तीन दिवस झाले. कापडी पट्ट्यात, उजव्या बाजूला, शर्ट बाहेर सोडून. अमेरिकन म्हणाला होता, थोड्या दिवसांत विसरून जाल. मी एक मिनिट विसरलेलो नाही. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसलो की टोचतं म्हणून उभा राहतो. उभा राहिलो की हात आपोआप तिथे जातो. कुणी मागे येऊन उभं राहिलं की मान वळते. काल एक म्हातारी चिनी बाई भाजीची पिशवी घेऊन माझ्या मागे जिन्यावर होती आणि मला तिची भीती वाटली. ठोकळा नसता तर मी तिची पिशवी धरली असती.

जाई शाळेतून आली, नेहमीसारखी कमरेला मिठी मारली आणि कपाळ चोळत मागे झाली. इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "पापा, व्हाय सो हार्ड वन?"

"कामाचा पाना आहे."

"अॅट होम ऑल्सो काम? डोन्ट वेअर लाह."

सुचित्रा स्वयंपाकघरातून बघत होती. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त धास्ती वाटते.

२८ जुलै, सोमवार

अक्षर बघवत नाही आज.

सकाळी स्टेशनवर तपासणी होती. अधूनमधून असते, टेबल मांडून लोकांच्या बॅगा बघतात. मी मागे फिरलो असतो तर तेच दिसलं असतं म्हणून पुढे गेलो. पोरसवदा पोलीस. बॅग बघितली, मग हातातलं यंत्र अंगावरून फिरवलं आणि ते कमरेपाशी ओरडलं.

"सर, कॅन यू कम धिस साइड?"

माझ्या डोक्यात सुचित्रा, जाई, नऊ वर्षं, सगळं एकदम आलं. शर्ट वर केला. त्याने ठोकळा घेतला, उलटापालटा केला. मी कंपनीचा पास दाखवला, सॅम्पल आहे म्हणालो.

"व्हाय यू वेअर अ सॅम्पल?"

सरळ प्रश्न. जगातलं कुठलंही उत्तर चाललं असतं. मी म्हणालो, पाठ दुखते, वजन बांधलं की बरं वाटतं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की माझीच मला कीव आली. वरिष्ठाला बोलावलं. त्यानेही तुकडा हातात घेऊन बघितला. माझं नाव आणि पासचा नंबर लिहून घेतला. वीस मिनिटांनी तुकडा परत दिला. "अंकल, पाठ दुखते तर डॉक्टरकडे जा," असं इंग्रजीत, अगदी मायेने म्हणाला.

तुआसपर्यंत मी उभाच होतो. कामावर पोचल्यावर ठोकळा भंगाराच्या पिंपात टाकला. आता पासचं काही पत्र येतं का याची वाट बघणं आलं.

१ ऑगस्ट, शुक्रवार

पत्र नाही. ताईला निर्णय कळवला: कारलं. कोटाखाली दिसत नाही, पर्समध्ये मावतं. झटका जास्त आहे पण सरावाने जमेल. सोबत दोन पानांची टीप पाठवली. तिने फक्त अंगठा पाठवला. एवढ्या मेहनतीला एक अंगठा.

५ ऑगस्ट, मंगळवार

आईचा फोन. आई स्वतःहून कधी फोन करत नाही, तिला बटणं सापडत नाहीत. शेजारच्या मुलीने लावून दिला होता.

"अंजलीला पाडलं रे बाबा. मोटरसायकलवाले व्हते दोघं. लाथ घातली स्कूटीला. हात मोडलाय उजवा. तुला सांगू नको म्हणली व्हती, पर मला राहवलं न्हाई."

"आणि पिस्तूल? पिस्तूल नव्हतं का तिच्याजवळ?"

"कसलं पिस्तूल?"

"लायसन्स आलंय ना तिला. घेतलं नाही का अजून?"

"तिच्याकडं भाजी चिरायची सुरी हाय," आई म्हणाली. "तिला कशाला पाहिजे पिस्तूल?"

६ ऑगस्ट, बुधवार

ताईला लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"अर्जच केला नाही मी," ती म्हणाली.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. मूर्ख बनवलंस, एवढं त्यातलं लिहिण्यासारखं. पोलिसांनी मला पकडलं असतं, माझी पोरं रस्त्यावर आली असती, म्हणालो. पोरगी एकच आहे, पण रागात अनेकवचन आलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"समन्स निघालं आणि तू फोन उचलायचा बंद केलास," ती म्हणाली. "मी सोळा वेळा केला, नरेश. आई आजारी आहे असं लिहावं का, तेही मनात आलं. मग आठवलं, तूच अर्ज कर म्हणून मेसेज टाकत होतास. म्हणून लिहिलं, लायसन्स मंजूर. दोन मिनिटांत तुझा फोन आला. त्या दिवशी मला रडू आलं रे. मग तू भाज्यांचं बोलत राहिलास आणि मी ऐकत राहिले. निदान बोलत होतास."

"तुला मारतील ते."

"मारतील कदाचित. माझ्या पर्समध्ये एक असलं तर त्यांच्याकडे चार येतील, हे मला कळतं. माझ्या कमरेला काय आहे त्यावर केस उभी राहत नाही. तू पिंजऱ्यात उभा राहिलास तर राहते."

मी म्हणालो, मला काही आठवत नाही नीट. लांबून पाहिलं होतं.

"जे पाहिलंस ते सांग," ती म्हणाली. "आणि जिथून पाहिलंस तिथून सांग. त्या जागी मी दहा वेळा जाऊन आले आहे. तू जबाबात रस्ता लिहिलास. रस्त्यावरून काकांना मारलं तो बांध दिसत नाही."

मी फोन ठेवला.

९ ऑगस्ट, शनिवार

आज इथला राष्ट्रीय दिन. सुचित्रा आणि जाई बेडोकला सुचित्राच्या मैत्रिणीकडे, मधुवंतीकडे गेल्या आहेत, टीव्हीवर परेड बघायला. मी डोकं दुखतंय म्हणून घरी. विमानांचा आवाज येतोय.

जबाबात मी लिहून दिलं होतं, मी रस्त्यावर होतो, साठ-सत्तर मीटरवर, आरडाओरडा ऐकून धावलो, पोचेपर्यंत ते पळाले. ते खोटं आहे. मी विहिरीच्या पंपाच्या खोलीमागे होतो. लघवीला गेलो होतो. काका बांधावर होते, माझ्यापासून पंधरा फुटांवर. ते चौघे आले. पहिला फटका बसला तेव्हा मी एक पाऊल पुढे टाकलं आणि मग ते मागे घेतलं. ते मागे घेतलेलं पाऊल मला रोज आठवतं. फोन हातात होता. कुणाला लावला नाही, व्हिडिओ काढला नाही. उजेड दिसेल, आवाज होईल. फोनवर सहा चाळीस झाले होते. ते गेले तेव्हा सहा बावन्न. बारा मिनिटं. मी भिंतीला चिकटून होतो आणि विटेच्या फटीतून सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

मला त्या चौघांची भीती वाटते. पण त्यापेक्षा जास्त भीती वाटते ती राणीकाकू कोर्टात बसलेल्या असताना हे मोठ्याने बोलायची. ऑडिट, भाज्या, ठोकळा, हे सगळं ते टाळण्यासाठी होतं. लिहिलं एकदाचं.

११ ऑगस्ट, सोमवार

पद्माकर सरांकडे सुट्टी मागितली. कोर्टाचं काम आहे म्हणालो. मला वाटत होतं ते ऑडिटचं कारण काढतील.

"घे की," म्हणाले. "ऑडिट काय, क्षितिज बघेल. एवढं तोंड पाडून काय विचारतोस?"

मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो. त्यांनी विचारलं, आणखी काही आहे का. नव्हतं.

३० ऑगस्ट, शनिवार

उद्याचं विमान. काल सुचित्राला सगळं सांगितलं, पंपाची खोली, स्टेशनवरची तपासणी, सगळं. ती कपडे घड्या घालत होती.

"मला काहीतरी आहे हे माहीत होतं," ती म्हणाली. "तू तिकडून आल्यापासून जाईला रस्त्यावर एकटी सोडत नाहीस. इथे, जिथे सात वर्षांची पोरं एकटी शाळेत जातात."

"तू जाऊ नको म्हणालीस तर नाही जाणार."

"ते माझ्यावर ढकलू नकोस," म्हणाली आणि माझा निळा शर्ट बॅगेत ठेवला. मग बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

७ सप्टेंबर, रविवार

परत आलो. जे झालं ते विसरायच्या आत लिहितो, विसरणार नाही तरी.

तीन तारखेला पुकारा झाला आणि मी पिंजऱ्यात जाऊन उभा राहिलो. ते चौघे भिंतीशी बसले होते, धुतलेले पांढरे शर्ट घालून. पुतण्याने माझ्याकडे बघून मान हलवली, ओळखीच्या माणसाला हलवावी तशी. ताई सरकारी वकिलांच्या शेजारी, हात गळ्यात बांधलेला. मागच्या बाकावर आई आणि राणीकाकू.

सरकारी वकिलांनी विचारलं, मी सांगितलं. खोलीमागून, पंधरा फुटांवरून. कुणी काय हातात घेतलं होतं, कुणी कुणाला काय नावाने हाक मारली. मग उलटतपासणी. त्यांचे वकील जबाबाचा कागद फडकवत उठले.

"इथे म्हणता रस्त्यावर होतो. आज म्हणता खोलीमागे. खोटं कोणतं?"

"जबाबातलं."

"पोलिसांशी खोटं बोललात. का?"

"लाज वाटली, साहेब."

"सख्ख्या माणसासारख्या काकाला मारत आहेत आणि तुम्ही पंधरा फुटांवर बारा मिनिटं उभे? काय करत होतात?"

"भीत होतो."

कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाईंनी मान वर केली आणि लिहून घ्यायला सांगितलं. टायपिस्टने टाइप केलं. 'मी भीत होतो.' ते कागदावर आहे आता, खाली माझी सही आहे. वकील आणखी तासभर मला सोलत होते. मी तिथे नव्हतोच असं त्यांना सिद्ध करायचं होतं, कारण असा माणूस असूच शकत नाही म्हणे. केसचं काय होईल सांगता येत नाही, ताई म्हणाली, पण साक्ष टिकली. हात बरा झाला की ती पुढच्या तारखेला त्याच स्कूटीवर जाणार आहे, पंचवीस किलोमीटर, पर्समध्ये डबा आणि कागद. मला त्याची भीती वाटते आणि वाटत राहणार.

बाहेर व्हरांड्यात राणीकाकू पायरीवर बसल्या होत्या. मी समोर जाऊन उभा राहिलो. वाटलं, थुंकतील. थुंकल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तू तिथंच व्हतास," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग ते काही बोलले का रे? दवाखान्यात तर डोळंबी उघडलं न्हाई त्यांनी. पोलिसाला इचारलं, डॉक्टरला इचारलं. कुणी तिथं व्हतंच न्हाई म्हणत्यात. तू व्हतास तर सांग."

वकिलांनी हे विचारलं नव्हतं. कुणीच विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ते सांगायचं तर कुठून ऐकलं तेही सांगावं लागलं असतं.

"तुमचं नाव घेतलं," मी म्हणालो. "शेवटी शेवटी. दोनदा."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. चाळीस वर्षं गणपतकाकांनी त्यांना 'अगं ए' नाहीतर 'पोरांची आई' म्हणून हाक मारली. आमच्याकडे त्या वयाचे पुरुष बायकोचं नाव घेत नाहीत, घेतलेलं कुणी ऐकलेलं नाही.

"माझं नाव?"

"राणी म्हणाले. राणी, राणी."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "एवढं सांगायला दीड वरीस लावलंस व्हय रे बाबा."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, कसं म्हणाले, पुन्हा सांग. मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी परत विचारलं, आणि मी परत सांगितलं.